काढून ठेवलेली वायर

मिस्त्रींचं गॅरेज अरुंद आणि खोल. दोन गाड्या आत मावतात, तिसरी आली तर तिचं ढुंगण रस्त्यावर. भिंतीवर पाने मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने टांगलेले, कोपऱ्यात जळक्या ऑइलचा ड्रम, आणि दाराशी कुठल्याशा भंगारातल्या गाडीची मागची सीट, गिऱ्हाइकांना टेकायला. त्या सीटवर बसलेल्याला एक खेळ फुकटात बघायला मिळायचा. मिस्त्री चालू इंजिनावर वाकायचे, हातभर लांब पेचकस घ्यायचे, त्याचं टोक इंजिनाच्या अंगाला लावायचे आणि लाकडी मूठ स्वतःच्या कानाला. डोळे मिटायचे. बघणारेही आपोआप गप्प व्हायचे. मग डोळे उघडायचे, फडक्याला हात पुसायचे आणि निकाल द्यायचे.

“दुसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह.”

उघडून बघावं तर दुसऱ्याच नंबरचा. त्यामुळे तोंडावर त्यांना मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे ‘कान’ म्हणत. गाडी कुरकुरायला लागली की लोक एकमेकांना विचारायचे, कानाला दाखवलीस का. हे मिस्त्रींना माहीत होतं. ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण मिशीतल्या मिशीत हसायचे.

त्यातही ऑइलच्या दिव्याचं दुखणं म्हणजे त्यांचा हातखंडा. गाडीच्या काट्यांमध्ये एक छोटा लाल दिवा असतो, त्यावर तेलाच्या झारीचं चित्र. किल्ली फिरवली की तो लागतो, इंजिन सुरू होऊन ऑइलला जोर आला की विझतो. चालत्या गाडीत परत लागला तर गोष्टी दोनच. एक तर ऑइलचा दाब खरंच पडलाय, मग गाडी तिथल्या तिथे बंद करायची, नाहीतर इंजिनाची माती झाली म्हणून समजा. किंवा मग दाब ठणठणीत आहे, पण तो ओळखणारा सेन्सर, अंगठ्याएवढी ती वस्तू, खोटं बोलतेय. खरं कोण आणि खोटं कोण हे ठरवायची सरळ रीत अशी, की सेन्सर काढायचा, त्याच्या जागी दाबाचा मीटर फिरवून बसवायचा आणि काटा वाचायचा. मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात मीटर लावला नाही. दाब पडला की इंजिनाच्या डोक्यावरचे टॅपेट कोरडे पडतात आणि बारीक टकटक करतात, शिलाई मशीन चालल्यासारखी. टकटक ऐकू आली तर दाब गेला. नाही आली तर सेन्सर गेला. संपला विषय.

हाताखाली शिकून तयार झालेल्या एका कारागिरानं पहिल्या कमाईतून दाबाचा मीटर आणला होता. चांगला, पितळेच्या तोंडाचा, लाल काट्याचा. मिस्त्रींनी तो भर गिऱ्हाइकांत हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, “छान आहे. गळ्यात घालून फिर. कान नाही त्याला काहीतरी हवंच.” सीटवरचे सगळे खो-खो हसले. तेव्हापासून त्याचं नाव मीटर पडलं. तो पुढे वेगळा झाला, गल्लीच्या तोंडाशी स्वतःचं गॅरेज टाकलं, आणि पाटीवर नावाऐवजी मीटरचंच चित्र काढून घेतलं. चिडला असता तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. तो चिडला नाही. येता-जाता “उस्ताद, चहा?” विचारायचा.

आता खरी गोष्ट ही की मिस्त्रींचा कान गेला होता.

सगळा गेला नव्हता. ट्रक ऐकू यायचा, इंजिनाची घरघर ऐकू यायची, माणसाचं बोलणं समोरासमोर असलं तर नीट कळायचं. गेलं होतं ते वरचं, बारीक. घड्याळाचा गजर, नाण्याचा खुळखुळाट, लांबून हाक मारणारं पोर. आधी बायकोच्या लक्षात आलं.

“अहो, बेल वाजतेय केव्हाची.”

“वाजू दे. बोळातली असेल.”

“आपलीच आहे. तुम्ही दाराला पाठ लावून बसलाय, तरी कळेना?”

“मी विचारात होतो.”

“मोठे विचारवंत,” म्हणत ती उठली. नंतर एकदा हळूच म्हणाली, “कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ.” मिस्त्रींनी तिच्याकडे असं बघितलं, की तिनं भांडी आवरायला घेतली. गल्लीनं कान म्हणून ओळखलेला माणूस कानाच्या डॉक्टराच्या बाकावर बसलाय, हे चित्र दोघांनाही दिसलं असावं.

मग मिस्त्रींनी युक्त्या काढल्या. पेचकस लावायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, “तुम्हाला काय वाटतं?” गिऱ्हाईक खूश. एवढा मोठा मिस्त्री आपलं मत विचारतो. ते बोलण्यात सगळं सांगून टाकायचं, घाटात खडखडते, गार असताना शिट्टी मारते, आणि मिस्त्री त्यातलंच निवडून कानाच्या खात्यावर टाकायचे. बाकीचं काम हात करायचा, कारण पेचकसातून थरथर बोटांना कळतेच. असं निभत होतं. निभतंय म्हणून चालूही होतं.

ऑइलच्या दिव्यापाशी मात्र घोटाळा होता. तिथं गिऱ्हाइकाला काही वाटत नसतं, त्याला फक्त दिवा दिसतो. मिस्त्री पेचकस लावायचे, बारीक टकटक येतेय का बघायचे, आणि काहीच यायचं नाही. चांगल्या इंजिनाचा आवाज आणि गेलेल्या कानाचा आवाज एकच. दोन्हीकडे शांतता. त्यामुळे अलीकडे मिस्त्रींच्या गॅरेजात प्रत्येक वेळी सेन्सरच गेलेला असायचा. सेन्सरच बहुतेक वेळा जातो, त्यामुळे ते बरोबरही यायचे.

तशात व्याह्यांची गाडी आली.

व्याही म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकलेचे मास्तर. बारीक चणीचे, बोलण्यात इतके अदबशीर की ऐकणाऱ्याला स्वतःचं साधं बोलणंही शिव्यांसारखं वाटावं. त्यांची गाडी जुनीच घेतलेली, पण मिस्त्रींनी स्वतः निवडून दिलेली. मास्तर रोज सकाळी ती पुसायचे, लहान पोराचं नाक पुसतात तशी. गेल्या वर्षी खालच्या चेंबरमधून, म्हणजे ऑइल साठवण्याच्या तळाच्या भांड्यातून, जरा गळत होतं. मिस्त्रींनी चेंबर उतरवून सांध्याला निळी पेस्ट लावून परत बसवलं होतं. तेव्हापासून मास्तर ज्याला त्याला गाडीखालची फरशी दाखवायचे. “थेंब नाही. बघा तुम्ही. हे आमच्या व्याह्यांचं काम.”

रविवारी मास्तर, विहीणबाई, जावई आणि मिस्त्रींची लेक, सगळे जेवायला आले. उतरता उतरता मास्तर म्हणाले, “व्याहीबुवा, तो लाल दिवा आम्हाला डोळा मारतो. गाडी गरम होऊन थांबली की. तशी ती झारी फार वाईट काढलीय हो, दांडा केवढा आणि पोट केवढं. पण डोळा मारतो एवढं खरं.”

“बघू की. बॉनेट उघडा.”

जेवणाआधीच खेळ रंगला. विहीणबाई सावलीला उभ्या राहिल्या, शेजारपाजारचे गोळा झाले. इंजिन चालू होतं. मिस्त्रींनी पेचकस लावला, डोळे मिटले. घरघर आली. वर काही नाही. त्यांनी अंमळ जास्तच वेळ घेतला. डोळे उघडले तेव्हा लेक समोर, दाराच्या चौकटीला टेकून. लहानपणी ती याच गॅरेजात, त्याच सीटवर बसून अभ्यास करायची. तिनं तोंड उघडलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि मिटलं.

“सेन्सर,” मिस्त्री म्हणाले.

“बघ,” मास्तर मुलाला म्हणाले, “आपण आठवडाभर काळजी करत बसलो होतो.”

नवा सेन्सर बसला. थंड झालेली गाडी चालू केल्यावर दिवा विझला तो परत लागला नाही, आणि सगळे समाधानानं जेवायला बसले. लेक ताटातलं चिवडत होती. आईनं विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय.

दोन-चार दिवसांत मास्तरांचा फोन. “त्रास देतो, पण तो परत डोळा मारायला लागला.”

मिस्त्री दुसरा सेन्सर खिशात घालून व्याह्यांच्या दारात गेले. तो बसवला. मास्तरांनी गाडी तिथल्या तिथे चालू ठेवली, गरम होऊ दिली. दिवा लागला, विझला, परत लागला.

दोन नवे सेन्सर एकाच प्रकारे खोटं बोलत नाहीत, हे मिस्त्रींना कळत नव्हतं असं नाही. अशा वेळी गाडी बंद करायची, मीटर लावायचा, काटा वाचायचा. मीटर होता मीटरकडे. म्हणजे गल्लीच्या तोंडाशी जायचं आणि म्हणायचं, बाबा रे, तुझ्या गळ्यातला तो दे. नुसत्या विचारानं मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तेवढ्यात मास्तर आत गेले, चहाचं सांगायला. मिस्त्री बॉनेटखाली एकटे होते. सेन्सरच्या टोकाला एकच वायर असते. ती त्यांनी दोन बोटांनी ओढली. सुटली. टोकाला टेप गुंडाळला आणि वायर पाइपामागे सारून दिली.

त्या दिव्याची रचना अशी असते की वायर निघाली की तो कायमचा मरतो. दाब असो, नसो. झारी परत म्हणून लागत नाही.

मास्तर चहा घेऊन आले. आत वाकून बघितलं. “गेला?”

“गेला,” मिस्त्री म्हणाले. मग स्वतःलाच ऐकवल्यासारखं, “बाजारात सेन्सर फार वाईट यायला लागलेत. चांगला मिळाला की मी परत येईन. तोवर जरा बेतानं चालवा.”

हे शेवटचं मास्तरांनी ऐकलंच नाही. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला हाक मारून खाली बोलावलं होतं. “या, ओळख करून देतो. हे आमचे व्याही. हे कानानं ओळखतात. मशीन नाही, काही नाही. नुसता कान.” शेजाऱ्यानं आदरानं मिस्त्रींच्या कानाकडे पाहिलं. मिस्त्री बशीत ओतलेला चहा पीत होते, तो त्यांनी इतक्या घाईनं संपवला की जीभ पोळली. विहीणबाईंनी “परत लवकर या” म्हटलं. वाटेत मिस्त्रींना सारखं वाटत राहिलं की हाताला टेपचा डिंक चिकटलाय. पँटला पुसला तरी जाईना.

पुढचे दिवस मिस्त्रींचं कामात लक्ष राहिलं नाही. सकाळी ठरवायचे, आज मीटर आणायचा, व्याह्यांकडे जायचं, काहीतरी निमित्त काढून तपासायचं. एकदा खरंच गेले. मीटरनं हातातलं काम टाकून स्टूल पुढे केलं.

“बसा उस्ताद. काय काढलंत?”

समोर भिंतीवर तो लटकत होता, पितळेच्या तोंडाचा. मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या खालच्या पान्याकडे.

“तो बाराचा पाना दे जरा. माझा कुठं पडलाय सापडेना.”

मीटरनं पाना दिला. मिस्त्रींच्या भिंतीवर बाराचे तीन पाने होते, हे मीटरला माहीत होतं. त्यानंच ते टांगलेले होते. मिस्त्री तो नको असलेला पाना हातात घेऊन घरी आले आणि बायकोवर विनाकारण खेकसले.

मग एका दुपारी गाडीच आली. चालवत होती लेक, एकटी. गॅरेजच्या तोंडाशी तिनं ती उभी केली, बंद केली, पण उतरली नाही. काच खाली केली.

“बाबा, इकडे या. या बाजूनं.”

ती मुद्दाम समोर तोंड करून, सावकाश बोलत होती. मिस्त्रींना ते टोचलं. “बहिरा नाही मी,” असं जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

“उद्या सकाळी आम्ही निघतोय. सासूबाईंच्या बहिणीकडे, डोंगरापलीकडे. गाडीत चौघं. मामंजींना सांगून आलेय की हवा बघून येते टायरातली.”

“मग बघतो की हवा.”

“हवा ठीक आहे.” तिनं किल्ली अर्धी फिरवली. काट्यांच्या मधले सगळे दिवे लागले, बॅटरीचा, ब्रेकचा, इंजिनाचा. झारीच्या जागी अंधार. “मला तुम्हीच शिकवलंत. मांडीवर बसवून. आधी सगळे दिवे लागायला पाहिजेत, जो लागत नाही तो मेलेला. आठवतं?”

“नवीन सेन्सर आहे ना. नव्यात असतं तसं.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हे त्यांचं पोरीशी पहिलं खोटं नव्हतं. लहानपणी इंजेक्शन दुखत नाही म्हणून सांगितलं होतं. पण गाडीबाबतचं हे पहिलंच.

तिनं गाडी चालू केली. उतरून बॉनेट उघडलं आणि भिंतीवरचा पेचकस काढून त्यांच्या हातात दिला. “ऐका.”

मिस्त्रींनी टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. डोळे मिटायची सवय, ते मिटले. घरघर. बोटांना थरथर. बाकी काही नाही. ते त्या काही-नाहीत कुठं तरी बारीक टकटक शोधत होते, अंधारात हातातून पडलेला स्क्रू चाचपावा तशी.

“काय येतंय?”

“काही नाही. इंजिन चांगलं आहे.”

तेवढ्यात समोरच्या दुकानातून शिंपी बाहेर आला. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. गाडीचं बॉनेट कुठलं आणि डिकी कुठली हे ज्याला अजून विचारावं लागतं, तो. टाचण्या हातात घेऊन तिथूनच मोठ्यानं म्हणाला, “मिस्त्री, काय आणलंय हे? माझ्या मशीनपेक्षा जास्त वाजतंय. केव्हापासून टकटक टकटक, माप घ्यायला सुधरेना.”

सीटवर बसलेलं एक गिऱ्हाईक हसलं. “त्यांना सांगताय? कान आहे तो.”

मिस्त्रींनी डोळे उघडले. पेचकस अजून कानाला होता. लेकीनं हात आत घालून किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं, आणि शिंपी म्हणाला, “हां, आता बरं झालं,” आणि आत गेला. त्याला काहीच कळलं नव्हतं. त्यानं काय केलं हे त्याला कुणी कधी सांगितलंही नाही.

मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला. गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं. मग गाडीच्या पलीकडे, रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले.

“वायर मी काढलीय,” ते म्हणाले.

“माहितीय.”

“मला ते ऐकू येत नाही. टॅपेट. बरेच दिवस झाले.”

“त्या रविवारीच कळलं मला. दारात उभी होते, मला तिथून ऐकू येत होतं. तुम्ही सेन्सर म्हणालात.” तिचा आवाज बारीक झाला, त्यांना पुढचं ओठांवरून वाचावं लागलं. “सासूबाई होत्या. मी काय म्हणणार होते तिथं, माझ्या वडलांना ऐकू येत नाही? गप्प बसले. आठवडाभर मामा गाडी चालवतायत आणि मी रोज घरात बसून जीव मुठीत धरतेय.”

म्हणजे आपली लाज तिनंही आठवडाभर वाहिली. हे मिस्त्रींना शिंप्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

ती डोळे पुसून व्यवहाराला लागली. ती त्यांचीच पोर. “आता बघू काय झालंय. मामांना सांगू, सेन्सर बनावट निघाला. दोन्ही. बाजारात काय वाटेल ते मिळतं. मी सांगते, तुम्ही काही बोलायचं नाही.”

मिस्त्री बराच वेळ फडक्यानं एकच बोट पुसत राहिले. मग म्हणाले, “चालेल.”

गाडी ढकलत मीटरकडे नेली. चालू करायची हिंमत दोघांचीही नव्हती. एक बाप आणि एक लेक भर दुपारी गाडी ढकलत चाललेत, हे सगळ्या गल्लीनं बघितलं. दोघं-तिघं हात लावायला आले. “काय झालं मिस्त्री?” “काही नाही, जरा तपासायचीय.” “मग तुमच्याकडे का नाही?” मिस्त्रींनी ढकलायला आणखी जोर लावला.

मीटरनं ढकलणारे गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं. सेन्सर काढला, भिंतीवरचा मीटर फिरवून बसवला, पाइप ओढून तबकडी उस्तादांच्या हातात दिली आणि स्वतः स्टिअरिंगवर जाऊन बसला. काटा मिस्त्रींनीच वाचावा, अशी सोय करून. इंजिन चालू झालं. काटा जरासा उचलला गेला. गरम होत गेलं तसा खाली आला आणि तळाला टेकून थरथरत राहिला.

“बंद कर,” मिस्त्री म्हणाले.

ऑइल काढलं, चेंबर उतरवलं. वर, पंपाच्या तोंडाला ऑइल गाळून घ्यायची जाळी असते. मीटरनं विजेरीचा उजेड धरला. जाळीवर निळं काहीतरी बसलं होतं. शेवयांसारखे तुकडे, एकात एक गुंतलेले, अर्ध्याहून जास्त तोंड बंद करून.

पेस्ट. चेंबर बसवताना सांध्याला जास्त पेस्ट लावली की ती दाबली जाऊन बाहेरही येते आणि आतही. बाहेरची पुसता येते. आतली सुकते, तुटते, ऑइलात पडते आणि जाळीवर जाऊन बसते. मग पंपाला ऑइलच मिळत नाही. मिस्त्रींचा हात पेस्टला सढळ होता. “थेंब गळला नाही पाहिजे” म्हणत ते बोटभर जाड लावायचे, आणि मीटर शिकत होता तेव्हा त्यानं बारीक लावली म्हणून त्याला बोलले होते.

मीटरनं जाळी फडक्यावर ठेवली. “बाहेर कुणीही असंच लावतं उस्ताद,” तो खाली बघत म्हणाला. “कुणी केलं असेल काय माहीत.”

“मी केलंय,” मिस्त्री म्हणाले. “तुला माहितीय.”

मीटरनं पाना उचलला. तो शिव्या देता, तर उभं राहायला सोपं गेलं असतं.

बेअरिंग उघडून बघितलं. ओरखडे पडले होते, पण चालण्यासारखे. अजून थोडे दिवस तसंच फिरले असते तर नाही. दोघांनी मिळून जाळी धुतली, पंप धुतला, नवं ऑइल भरलं. चेंबरच्या सांध्याला पेस्ट लावायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी ट्यूब उचलली, आणि मग मीटरकडे दिली. “तू लाव. तुझ्या हातानं.” मीटरनं दोऱ्याएवढी रेघ ओढली. काटा या वेळी वर गेला आणि वरच राहिला. लेक वाकून म्हणाली, “नाही वाजत आता.” मिस्त्रींनी मान हलवली. त्यांच्यासाठी आधी आणि आता यात काटा सोडला तर काही फरक नव्हता. शेवटी त्यांनी पाइपामागची वायर काढली, टेप सोडवला आणि जागेवर लावली. किल्ली फिरवली. झारी लाल झाली.

व्याह्यांच्या घरी दिवे लागले होते. बैठकीत उद्याच्या बॅगा भरून ठेवलेल्या. लेकीनं चपला काढता काढताच सुरू केलं, “मामा, हवा बघायला गेले आणि बाबांनी सगळीच तपासली. ते सेन्सर बनावट निघाले. दोन्ही.”

मास्तरांनी हळहळून जीभ टाळ्याला लावली. “काय हा बाजार. बघा, व्याहीबुवा, तुमच्यासारखा माणूस होता म्हणून कळलं. दुसऱ्या कुणाला कळणार होतं?” आणि त्यांनी पाण्याचा पेला स्वतःच्या हातानं पुढे केला.

मिस्त्रींनी पेला घेतला नाही.

“सेन्सर चांगले होते,” ते म्हणाले. “तुमच्या दिव्याची वायर मी काढली होती. त्या दिवशी, तुम्ही चहाचं सांगायला आत गेलात तेव्हा. दिवा खरं बोलत होता. मला ते ऐकू आलं नाही. मला आता बारीक ऐकू येत नाही. आणि बिघाडही माझाच. गेल्या वर्षी चेंबर बसवलं तेव्हाची माझी पेस्ट आत जाऊन अडकली होती.”

एवढं सगळं त्यांनी बॅगांकडे बघत सांगितलं. लेकीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून घट्ट आवळलं होतं.

मास्तर पेला धरून तसेच उभे. आधी विहीणबाई बोलल्या, आवाज न चढवता. “म्हणजे आठवडाभर आम्ही डोळ्यावर पट्टी बांधून फिरत होतो. आणि उद्या तुमची लेकही बसणार होती की हो त्या गाडीत.”

“हो.”

“तुम्ही सांगायला हवं होतं मला,” मास्तर म्हणाले. “ऐकू येत नाही यात काय आहे? मला सांगायला हवं होतं.” त्यांची अदब तशीच होती. त्यांनी पेला टेबलावर ठेवला.

मिस्त्री जायला वळले तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, “उद्या तुम्ही चला बरोबर. पुढच्या सीटवर. तुम्ही गाडीत असलात तर मला बसवेल, नाहीतर मी नाही येत.” हा विश्वास की अविश्वास, ते मिस्त्रींना कळलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला उरला नाही, एवढं कळलं. जावयानं सुटी वाचली म्हणून आनंद करून घेतला आणि स्वतःची जागा देऊन टाकली.

सकाळी निघाले. मास्तरांनी किल्ली अर्धी फिरवून हात थांबवला आणि बाजूला बघितलं. झारी लागली होती. “आहे,” मिस्त्री म्हणाले. इंजिन सुरू झालं, झारी विझली. “गेली.” मग सगळा रस्ता मिस्त्री खिडकीबाहेर न बघता त्या न लागलेल्या दिव्याकडे बघत बसले. चढ लागला, वळणं आली, मागून विहीणबाई “काय सुंदर दिसतंय” म्हणाल्या, पण त्यांनी मान वळवली नाही. चढावर गाडी थांबली की ते मान जराशी मागे करून विचारायचे, “वाजतंय का गं?”

“नाही बाबा.”

थोड्या वेळानं परत. “आता?”

“नाही.”

पहिल्यांदा विचारलं तेव्हा गाडीत सगळे अवघडले. मग सवय झाली.

माथ्यावर गाडी गार करायला थांबले. तिथं मास्तरांचे शाळेतले एक जुने सहकारी भेटले, बायकोबरोबर फिरायला आलेले. गळाभेट झाली, गाडीचं कौतुक झालं. “जुनी असून काय ठेवलीय,” ते म्हणाले. मास्तरांचा चेहरा नेहमीसारखा खुलला, हात नेहमीसारखा मिस्त्रींच्या खांद्यावर आला. मिस्त्रींनी मान खाली घातली आणि वाट बघितली.

“हे आमचे व्याही,” मास्तर म्हणाले.

पुढे काही बोलले नाहीत. खांद्यावरचा हात मात्र थोडा वेळ तिथंच राहिला, मग त्यांनी तो पाण्याची बाटली घ्यायला काढून घेतला.